आकांक्षाचं डोहाळजेवण

सातवा महिना लागला तरी आकांक्षाच्या डोहाळजेवणाचा विषय घरात कोणी काढला नाही. काढणार तरी कसा? अंकुशला जाऊन अजून चार महिनेही झाले नव्हते. दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात सेलूचं आपलं खताबियाण्याचं दुकान बंद करून तो केळझरला घरी येत होता. रस्त्याच्या कडेला सोयाबीनची ट्रॉली उभी होती, तिच्यावर त्याची मोटरसायकल मागून आदळली. ट्रॉलीला दिवा नव्हता, असं गावात सगळे सांगायचे. अंकुश प्यालेला होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी बोलत नसे.

घरात आता तिघंच उरले होते. अंकुशचे वडील रूपराव, आई कोकिळा आणि आकांक्षा. आकांक्षा पुलगावची, बी.कॉम. झालेली. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बाळाची बातमी कळल्यावर अंकुशने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला होता.

जानेवारीत समोरच्या घरी त्यांच्या मुलीचं डोहाळजेवण झालं. अंगणात झोपाळा बांधला, झेंडूच्या माळा लावल्या. गल्लीतल्या सगळ्या बाया हिरव्या साड्या नेसून गेल्या. आकांक्षाला बोलावणं आलं नाही, आणि येणार नाही हे तिला माहीत होतं. कोकिळाबाई दुपारभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आकांक्षा मागच्या पडवीत सुपात तूर निवडत बसली. समोरून गाण्यांचा आवाज येत होता. तिचा हात मधूनच थांबायचा, मग पुन्हा चालू व्हायचा.

रूपराव वावरातून आले, विहिरीवर हातपाय धुतले आणि तिच्यापासून थोडं लांब, पायरीवर बसले. सुनेशी मोकळं बोलायची त्यांना सवय नव्हती. अंकुश असताना ते तिच्याशी बोलायचे ते चहापाण्यापुरतं.

"बाई, तुले काही खाऊ वाटते का?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबा."

"काहीतरी वाटत असंन. तू जेवत नाई हे मी पाहून राह्यलो."

"काहीच नाई वाटत."

रूपराव उठले नाहीत. गाणी थांबून समोरच्या अंगणात पंगत बसल्याचा गलका सुरू झाला, तरी ते तिथंच बसले होते. मग आकांक्षा सुपातली माती झटकत म्हणाली, "एक वाटते. पन तुमाले त्याचं नावबी घेता येनार नाई."

"सांग त खरं."

तिने सांगितलं. लग्नानंतर ती दोघं महाबळेश्वरला गेली होती. तिथून पाचगणीला एका हॉटेलात त्यांनी फॉन्ड्यू खाल्लं होतं. एका जाड भांड्यात वितळलेलं चीज, भांड्याखाली बारका दिवा. लांब काडीला पावाचा तुकडा टोचायचा, चीजमध्ये बुडवायचा आणि खायचा. अंकुशची जीभ भाजली होती आणि तो दोन दिवस पाणी पिताना तोंड वाकडं करत होता.

"हे वर्धेत भेटते का?" रूपरावांनी विचारलं.

"भेटते म्हने. माही मैत्रीण स्वरदा गेलती. पन जाऊ द्या. मी उगाच बोलली."

"मंगळवारी तुही तपासनी हाय ना?"

"हो."

"मंग झालं," रूपराव म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेले.

कोकिळाबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की मंगळवारी तपासणीला मीच नेतो बाईला. कोकिळाबाईंनी मान हलवली. घरातल्या कोणत्याच गोष्टीला त्या हल्ली त्याहून जास्त उत्तर देत नव्हत्या.

एसटीने वर्धेला जाताना सेलूच्या अलीकडे ती जागा लागते. आकांक्षाने आधीच डोळे मिटून घेतले. रूपराव खिडकीकडे बसले होते. ते सरळ समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहत राहिले. सेलूचा स्टँड आला तेव्हा ते म्हणाले, "उघड डोळे," आणि तिने उघडले.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. बाळाचे ठोके चांगले होते, पण आकांक्षाचं वजन वाढलं नव्हतं. रूपराव दाराबाहेर उभे होते. मॅडमनी त्यांना आत बोलावलं तेव्हा त्यांनी हातातली टोपी गुंडाळत विचारलं, "मॅडम, ते एक चीजचं खानं असते, दिव्यावर ठेवलेलं. ते बाईले चालते का?"

आकांक्षाला लाज वाटली. "बाबा, राहू द्या ना."

मॅडम हसल्या नाहीत. "फॉन्ड्यू म्हणता? चालेल. पण विचारून खा. चीज पाश्चराइज्ड दुधाचं आहे का, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. कच्च्या दुधाचं नको. चांगलं उकळतं असताना खायचं. गार झालं तर परत गरम करून मागायचं. सोबत कच्चं सॅलड देतात, ते खाऊ नको. चिकन असलं तर आतपर्यंत शिजलेलं पाहिजे. आणि त्यात वाईन घालतात, ती अजिबात नको." मग त्या आकांक्षाकडे वळून म्हणाल्या, "जा, खाऊन ये. पोटात काहीतरी जायला हवं."

रूपरावांनी खाली उतरताना एकेक गोष्ट पुन्हा म्हणून पाहिली. पाकीट. उकळतं. सॅलड नाही. वाईनपाशी ते थांबले. "वाईन म्हंजे दारूच ना?"

"हो बाबा."

स्वरदाने सांगितलेलं रेस्टॉरंट एका कापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. आत गारवा होता, भिंतींवर रोपटी टांगली होती आणि दुपारची वेळ असून पिवळे दिवे लावले होते. कॉलेजची मुलंमुली बसली होती. धोतर नेसलेले रूपराव आणि सात महिन्यांची पोटुशी, मोकळ्या कपाळाची सून आत आली तेव्हा दोन-तीन माना वळल्या. रूपरावांनी कोपऱ्यातलं टेबल निवडलं. खुर्ची उचलून मागे घेतली आणि आकांक्षा बसेपर्यंत ती धरून ठेवली.

ऑर्डर घ्यायला मालक स्वतः आला. तोच स्वयंपाकही करायचा. साकेत त्याचं नाव, तिशीतला. पुण्याच्या हॉटेलात काही वर्षं काम करून तो परत आला होता. आकांक्षाने फॉन्ड्यू सांगितलं. साकेतने लिहून घेतलं आणि तो वळला, तेव्हा रूपराव म्हणाले, "थांबा जरा. चीजचं पाकीट दाखवता का?"

साकेतला नवल वाटलं, पण त्याने आतून दोन पाकिटं आणून टेबलावर ठेवली. आकांक्षाने बारीक अक्षरं वाचली. दोन्हींवर पाश्चराइज्ड दूध लिहिलेलं होतं. तिने मान हलवली.

"अन् याच्यात दारू टाकता का?" रूपरावांनी विचारलं.

"मूळ पद्धतीत व्हाईट वाईन असते काका. पण आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. इथं मिळतच नाही."

"मिळत नाई?" रूपराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माह्या पोराले त मिळाली."

साकेतने एकदा आकांक्षाकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे, आणि नजर खाली घेतली. बाजूच्या टेबलावरची मुलं मोठ्याने हसत होती. साकेतने पाकिटं उचलली, पुन्हा ठेवली.

"काका, मी खोटं बोललो," तो हळू म्हणाला. आता त्याची बोलीही बदलली होती. "नागपूरवरून एक बाटली येते. थोडीशी टाकतो मी. शिजताना उडून जाते बहुतेक."

"बहुतेक?"

"सगळी नाई उडत."

रूपराव टेबलावर हात टेकून उठू लागले. "चाल बाई. आपन दुसरीकडं पाहू."

"बसा बाबा," आकांक्षा म्हणाली. "मले भूक लागली."

रूपराव अर्धवट उठलेले तसेच थांबले. गेल्या कित्येक आठवड्यांत तिच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. ते खाली बसले.

"ताईसाठी मी वेगळं करतो," साकेत म्हणाला. "दुधात करतो, थोडं कॉर्नफ्लोअर टाकून. भांडंबी दुसरं घेतो. तुमी आत येऊन पाहा पाह्यजे त."

"तुमच्यावर इस्वास ठेवतो," रूपराव म्हणाले. "सॅलड आनू नोका."

तो गेल्यावर रूपराव पाण्याचा ग्लास टेबलावर गोल फिरवत होते. आकांक्षा म्हणाली, "तुमी आज पहिल्यांदा बोलले."

"काय?"

"त्याले दारू मिळाली हे. घरात कोनीच नाई बोलत. सगळे ट्रॉलीचंच सांगतात."

रूपरावांनी ग्लास सोडला.

"मी त्या दिवशी फोन केलता त्याले," आकांक्षा सांगू लागली. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, टेबलावर साकेतने ठेवलेल्या लांब काड्यांकडे पाहत होती. "त्याच्या आवाजावरून मले समजलं. मी म्हनलं, पेला असशीन त गाडी नोको आनू, दुकानातच झोप, सकाळी ये. तो म्हने, मी प्यालोच नाई, तुही शपथ. मंग फोन ठेवला. त्याचं माह्यासंगचं शेवटचं बोलनं खोटं होतं बाबा."

"हे तू कोनाले सांगितलं नाई?"

"कोनाले सांगू? माही आई म्हनते, रडून घे, मोकळी होशीन. बाया येतात, त्याबी रड म्हनतात. मले रडू येत नाई. मले राग येते त्याचा. सकाळी उठली का राग, पोटावर हात गेला का राग. बाळ पोटात असताना असा राग करू नाई म्हनतात, त मंग त्याचंबी भेव वाटते."

रूपराव म्हणाले, "मलेबी येते."

आकांक्षाने वर पाहिलं.

"वावरात गेलो का मी एकटाच शिव्या देतो त्याले. मोठ्यानं. मंग इकडंतिकडं पाह्यतो, कोनी ऐकलं त नाई. दोन वर्षांपासून मले ठाऊक होतं. लगन झालं का सुटीन, असं मनात म्हनत गेलो. तुह्या बापाले सांगितलं नाई मी. सांगाले पायजे होतं."

आकांक्षा या बोलण्याने दचकली, पण तिला राग आला नाही. आला असता तरी तो ठेवायला आता जागा नव्हती. तिने फक्त विचारलं, "आईले ठाऊक हाय?"

"तिच्याजवळ मी हे नाव काढत नाई. ती मरून जाईन."

साकेतने स्वतः भांडं आणलं. खालचा दिवा पेटवला, लाकडी चमच्याने चीज ढवळून दाखवलं. बारीक बुडबुडे येत होते. पावाचे तुकडे, उकडलेले बटाटे आणि वाफवलेला फुलकोबी एका ताटलीत मांडून तो लगेच निघून गेला.

आकांक्षाने पहिला तुकडा बुडवला, फुंकर घातली आणि खाल्ला. पाचगणीची चव ती नव्हती. हे घट्ट होतं, थोडं पिठूळ लागत होतं. तरी तिने दुसरा तुकडा घेतला, मग बटाटा.

"बरं हाय?"

"बरं हाय. तुमी घ्या ना."

रूपरावांनी काडीला पाव टोचला. भांड्यात बुडवून वर काढला तर काडी रिकामीच. ते वाकून भांड्यात पाहू लागले. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"अवं, हे गिळून राह्यलं का काय पाव," ते म्हणाले.

"ज्याचा पाव पडला त्यानं गानं म्हनायचं असते," आकांक्षा म्हणाली. "तिथल्या वेटरनं सांगितलं होतं."

"मंग मले भजनी मंडळच बोलवा लागीन."

आकांक्षा हसली. तोंडावर हात ठेवायच्या आधीच हसू बाहेर पडलं होतं. रूपरावही हसले, आणि तेवढ्यात जिन्याच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "काका? तुमी इथं?"

गजेंद्र होता, रूपरावांच्या चुलतभावाचा मुलगा. त्यांच्याच गल्लीत राहायचा. सोबत बायको आणि लहान मुलगी. मुलीच्या डोक्यावर कागदाची टोपी होती.

"पोरीचा वाढदिवस हाय, म्हून आलतो," गजेंद्र म्हणाला. त्याची नजर भांड्यावरून आकांक्षावर आणि तिथून पुन्हा काकांवर आली. "काकू नाई आल्या?"

"नाई. तपासनीले आलतो. बाईले भूक लागली, म्हून बसलो."

"हो, हो. चालू द्या." गजेंद्रने मुलीचा हात धरला. त्याच्या बायकोने टेबलाशी बसल्या बसल्या पर्समधून मोबाइल काढला.

आकांक्षाने काडी खाली ठेवली होती. दिव्याची वात कधीतरी विझली आणि चीजवर जाड साय धरली. साकेत येऊन म्हणाला, "ताई, हे गार झालं, असं खाऊ नका. मी गरम करून आनतो."

"राहू द्या, झालं माहं."

"गरम करून आना," रूपराव म्हणाले. "ती खाईन."

पुन्हा उकळतं भांडं आलं. आकांक्षाने सासऱ्यासाठी म्हणून चार-पाच तुकडे खाल्ले. ते तिला घशाखाली ढकलावे लागले. शेजारून मुलीसाठी टाळ्या वाजल्या, केक कापला गेला, आणि गजेंद्रने त्यातला एक तुकडा त्यांच्या टेबलावर पाठवला. त्याला दोघांनीही हात लावला नाही.

केळझरला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती, पण घरात दिवा नव्हता. कोकिळाबाई ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. रूपरावांनी बटण दाबलं. उजेड पडल्यावरही त्यांनी मान वर केली नाही.

"गजेंद्रच्या बायकोचा फोन आलता," त्या म्हणाल्या.

रूपरावांनी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"हसत होते म्हने तुमी."

"बाईले डोहाळे लागले होते," रूपराव म्हणाले. "मी नेलं तिले. तिचा काही दोष नाई."

"मले ठाऊक नाई का तिले डोहाळे लागले ते? माह्या डोळ्यासमोर राह्यते ती. ती खात नाई, तिचा गळा सुकला, सगळं दिसते मले. काय करू मी? झोपाळा बांधू? कोन बाई येईन माह्या घरी गानं म्हनाले?" कोकिळाबाईंचा श्वास वाढला होता, पण डोळे कोरडे होते. "मले इचारलं असतं त मी आली नसती. पन इचाराले पायजे होतं."

"चुकलं," रूपराव म्हणाले.

"आई, मीच म्हनली होती," आकांक्षा म्हणाली. "मले वाटलं तुमाले वाईट वाटीन."

"त्याच्यावर बोलले ना तुमी दोघं? तिथं बसून?"

आकांक्षाने रूपरावांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"तो पेला होता, हे मले ठाऊक नाई असं वाटते तुमाले. दवाखान्यातून त्याचे कपडे मीच आनले. मीच धुतले. तीन पान्यानं धुतले, तरी वास जात नव्हता. रक्ताचा नाई, त्या दारूचा." त्या थांबल्या. "तुमी घरात आले का मी तोंड बंद ठेवतो, का तुमाले सहन नाई होनार म्हून. अन् तुमी जाऊन हॉटेलात बोलता. माह्यासमोर काऊन नाई बोलले?"

आकांक्षा पुढे होऊन त्यांच्याजवळ खाली बसली. सात महिन्यांच्या पोटाने तिला पटकन बसता आलं नाही, खांब धरावा लागला. तिने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. कोकिळाबाईंनी तो काढला नाही, पण स्वतःचा हातही त्यावर ठेवला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सरक. भात टाकू दे." आणि उठून आत गेल्या.

त्यानंतर घरात अंकुशचं नाव निघू लागलं. पूर्वीची शांतता बरी होती, असं कधी कधी आकांक्षाला वाटायचं. भाजी चिरताना कोकिळाबाई एकदम विचारायच्या, त्याला पाजायला कोण कोण असायचं, फोनवर तो नक्की काय म्हणाला, लग्नाआधी तुला काहीच कसं कळलं नाही. रूपराव उत्तरं टाळायला वावरात जास्त वेळ राहू लागले. एका दुपारी कोकिळाबाईंनी रूपरावांना सरळ विचारलं, ठाऊक होतं तर अडवलं का नाही. त्या दिवशी ते जेवायला आलेच नाहीत.

आठव्या महिन्यात पुलगावहून आकांक्षाचा भाऊ सचिन गाडी घेऊन तिला न्यायला आला. कोकिळाबाईंनी तिची पिशवी भरून दिली. बाजूच्या खिशात डिंकाचे लाडू ठेवले आणि रोज एक खायचं बजावलं.

पाडवा होऊन गेल्यावर मुलगी झाली. बाळ धडधाकट होतं, आकांक्षाही ठीक होती. रूपराव आणि कोकिळाबाई पुलगावला पाहायला गेले. आकांक्षाच्या वडिलांनी चहा झाल्यावर रूपरावांना अंगणात नेलं आणि फार वळणं न घेता सांगितलं की पोरीला ते आता केळझरला पाठवणार नाहीत. एका ऑफिसात तिच्यासाठी जागा पाहिली आहे. पुढेमागे दुसरं स्थळही पाहतील. रूपराव म्हणाले, "तुमचं बराबर हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "येनंजानं ठेवू द्या मातर."

आत कोकिळाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळ झोपलेलं होतं. त्यांनी त्याच्या कानावरची टोपी सरकवून पाहिलं, बोटं उलगडून पाहिली, हनुवटी पाहिली. आकांक्षा पलंगावरून त्यांच्याकडे पाहत होती. काय शोधतायत ते तिला कळत होतं. निघताना त्यांनी बाळाला आकांक्षाजवळ दिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "अंगावर पाजजो," एवढंच त्या म्हणाल्या.

पुलगाव स्टेशनवर वर्धेकडची गाडी उशिरा होती. ऊन तापलं होतं. दोघं फलाटावरच्या बाकावर, पंख्याखाली बसली. बऱ्याच वेळाने रूपरावांनी व्याह्यांचं बोलणं सांगितलं. कोकिळाबाईंनी ऐकून घेतलं.

"पोरगी कोनावर गेली, मले नाई समजलं," त्या म्हणाल्या.

"तिच्या मायवर गेली असंन."

"बरं झालं."

गाडीची घोषणा झाली. रूपरावांनी पिशवी उचलली, कोकिळाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, आणि दोघं गर्दीच्या मागे जाऊन उभी राहिली.